चूक जागा बदलते का?

थंड मशीन चालू केलं की पडद्यावर १७०१ हा आकडा यायचा आणि सगळं तिथेच थांबायचं. आयबीएम एक्सटी या जुन्या पीसीच्या काळातल्या संगणकांत या आकड्याचा अर्थ एकच, हार्ड डिस्क सुरुवातीच्या तपासणीत नापास. अर्धा तास तसंच चालू ठेवून रीसेट केलं तर कधीकधी डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू व्हायची, पण एखादी फाइल उघडायला गेलं की ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह सी’ आणि त्याखाली अबॉर्ट, रिट्राय, फेल हे तीन पर्याय. रिट्राय निवडलं की आतून ठक्‌ असा आवाज, मग करकर, पुन्हा ठक्‌. वाचता आलं नाही म्हणून तबकडीवरचं वाचणारं हेड शून्याव्या ट्रॅकवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या वर्तुळावर, परत जातं आणि तिथून नव्याने पावलं मोजत निघतं, त्याचा तो आवाज.

मशीन साधं आहे. ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, डॉस ३.३ आणि २० एमबीची सव्वापाच इंची हार्ड डिस्क. त्या २० एमबीमध्ये माझ्या थोरल्या भावाने टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्राम होते. ग्रहांच्या उदयास्ताच्या वेळा काढणारा एक, बुद्धिबळाचा एक, आणि कितीतरी अर्धवट. ज्या फ्लॉपींवर त्यांच्या प्रती होत्या त्यांना बुरशी लागून गेली होती, त्यामुळे डिस्कवर होतं तेवढंच शिल्लक.

दादाला फोन केला तर म्हणाला, “अगं, फॉरमॅट मार आणि मोकळी हो. एवढं काय आहे त्यात?”

“तुझा ग्रहांचा प्रोग्राम आहे.”

“तो अजून आहे? मग निघतो का बघ बाई.”

जुन्या हार्ड डिस्कबद्दल कुणालाही विचारा, पहिला सल्ला लो-लेव्हल फॉरमॅटचा, म्हणजे सगळं पुसून तबकडीवरच्या खुणा नव्याने आखण्याचा, मिळतो. तो खोटा नाही. या पिढीच्या ड्राइव्ह त्याने खरोखर ठणठणीत होतात. पण तो उपाय सगळ्यात शेवटी करायचा असतो, आणि नेमका सगळ्यात आधी केला जातो. त्याच्या खालोखाल नुकसान डॉसच्या ‘चेकडिस्क’ या तपासणीच्या प्रोग्रामला दुरुस्तीची परवानगी देऊन होतं. ज्या डिस्कवरून फाइलींचा नकाशा, म्हणजे फॅट, नीट वाचताच येत नाही, तिच्यावर कुणी त्या चुकीच्या वाचनाच्या भरवशावर नवा नकाशा लिहायला लागलं तर जे सापडलं असतं तेही हातचं जातं. म्हणून पहिला नियम ठरवला: प्रत घेऊन होईपर्यंत या डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही. मशीन फ्लॉपीवरून सुरू करायचं आणि सी ड्राइव्हला फक्त वाचायचं.

पुढचं समजायला ही डिस्क कशी चालते ते थोडं सांगायला हवं. १९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, एसटी-५०६ नावाची ५ एमबीची ड्राइव्ह आणली. तिची जोडणीची पद्धत सगळ्यांनी उचलली. १९८३ च्या आयबीएम एक्सटीमधली १० एमबीची डिस्क त्याच घराण्यातली, आणि माझी २० एमबीचीही. या ड्राइव्हला स्वतःची अक्कल जवळजवळ नसते. ३४ पिनांच्या केबलवरून तिला ‘एक पाऊल आत’, ‘एक पाऊल बाहेर’, ‘अमुक हेड’ असे हुकूम मिळतात आणि २० पिनांच्या केबलवरून चुंबकीय खुणांचे कच्चे ठोके सेकंदाला ५० लाख बिट या वेगाने कंट्रोलर कार्डाकडे जातात. त्या ठोक्यांतून सेक्टर ओळखणं, चुका पकडणं, हे सगळं कार्डाचं काम. म्हणजे डिस्कवरचं लिखाण त्या कार्डाच्या बोलीत असतं, आणि दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला ती बोली बहुतेक वेळा कळत नाही. प्रत निघेपर्यंत कार्ड बदलून बघायचं नाही, हा त्यामुळे दुसरा नियम.

तपासणीची सुरुवात विजेपासून केली. ड्राइव्ह फिरत असताना, तिच्याच प्लगवर मल्टिमीटर लावून. नुसता पॉवर सप्लाय मोजून काही कळत नाही, भार असताना मोजावं लागतं. १२ व्होल्टची लाइन मोटर फिरवते, ५ व्होल्टची सर्किट चालवते, आणि दोन्हींत ५ टक्क्यांची सूट चालते. दोन्ही त्या सूटीत होत्या. म्हणजे दोष विजेचा नव्हता.

मग मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते काम: चुकांचा नकाशा काढणं. डिस्क खराब आहे का, हा प्रश्न फार ढोबळ आहे. विचारायला हवं ते हे, की चूक कुठे होते, आणि पुन्हा वाचल्यावर ती तिथेच होते की जागा बदलते. डॉस हे सांगत नाही. त्याच्याखालचा बायोस, म्हणजे मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्राम, सांगतो. टर्बो पास्कलमधून १३ क्रमांकाचा इंटरप्ट, म्हणजे बायोसची डिस्कची सेवा, थेट बोलावता येतो आणि तो दर वाचनाला एक संकेतांक परत देतो. ०४ म्हणजे सेक्टर सापडलाच नाही. १० म्हणजे सेक्टर सापडला पण आतला डेटा चुकीचा, दुरुस्तीपलीकडचा. ११ म्हणजे डेटा चुकला होता, कंट्रोलरने दुरुस्त करून दिला. ८० म्हणजे ड्राइव्हने उत्तरच दिलं नाही. ६१५ सिलिंडर (सगळ्या पृष्ठभागांवरचे एकाच अंतरावरचे ट्रॅक मिळून एक सिलिंडर), ४ हेड, ट्रॅकला १७ सेक्टर, मिळून ४१,८२० सेक्टर. एकेक वाचायचा आणि संकेतांक नोंदवायचा, एवढाच प्रोग्राम. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. एक्सटीचं कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहितं, त्यामुळे वाचनाचा बफर ६४ केबीच्या सीमेवर आडवा पडता कामा नये, नाहीतर ०९ ही चूक येते आणि निष्पाप डिस्कवर आळ जातो.

नकाशा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापला. प्रत्येक हेडला एक ओळ, प्रत्येक सिलिंडरला एक अक्षर, सगळं ठीक असेल तर टिंब. असे दोन नकाशे लागोपाठ काढून उजेडाकडे धरून एकावर एक ठेवले. काही चुका दोन्हीकडे त्याच जागी होत्या, तर काही एकात होत्या आणि दुसऱ्यात नव्हत्या. ही विभागणी सोन्यासारखी आहे. जागा सोडून भटकणाऱ्या चुका सहसा तबकडीच्या नसतात. त्या बहुधा केबलच्या, कनेक्टरच्या, सर्किटच्या असतात. मशीन बंद करून ड्राइव्हच्या कडेचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, दोन्ही केबल काढून नीट बसवल्या, कार्डही स्लॉटमधून काढून परत घट्ट बसवलं. पुढच्या नकाशात भटक्या चुका जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

राहिल्या त्या ठाण मांडून बसलेल्या. त्यांचा आकार बघायचा असतो. सगळ्या चुका एकाच हेडच्या ओळीत असतील तर हेड किंवा त्याचा पृष्ठभाग गेला. शेजारशेजारच्या सिलिंडरवर गठ्ठ्याने असतील तर तिथे ओरखडा. माझ्या नकाशात चुका चारही ओळींत पसरल्या होत्या, आतल्या सिलिंडरकडे दाट होत जात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक ०४ होत्या. सेक्टर सापडला नाही. शिवाय मशीन तासभर चालू राहिल्यावर काढलेला नकाशा थंड मशीनच्या नकाशापेक्षा कितीतरी स्वच्छ होता.

हे बघून मला फार बरं वाटलं, कारण याचा अर्थ तबकड्या शाबूत होत्या. चुकत होतं ते हेडचं उभं राहण्याचं ठिकाण.

या जातीच्या ड्राइव्हमध्ये हेड हलवणारी मोटर स्टेपर असते. ती ठरावीक टप्प्यांनी फिरते, तिच्या दांड्याला गुंडाळलेली पोलादी पट्टी हेड ओढते, आणि इतके टप्पे म्हणजे इतकावा ट्रॅक असं मानून चालायचं. हेड खरोखर ट्रॅकच्या मध्यावर आहे का, हे कुणी तपासत नाही. नंतरच्या ड्राइव्हमध्ये तबकडीवरच जागेच्या खुणा लिहिलेल्या असतात आणि हेड त्या बघून स्वतःला सावरतं. इथे तसं काही नाही. दोन ट्रॅकमधलं अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकं. धातू तापून थोडा प्रसरण पावला, पट्टी जराशी सैलावली, की हेड ट्रॅकच्या कडेवर.

त्यात आणखी एक मेख आहे. प्रत्येक सेक्टरचे दोन भाग असतात. पहिला मथळा, त्यात सिलिंडर, हेड आणि सेक्टरचा क्रमांक. दुसरा डेटा. फाइल साठवली की डेटा नव्याने लिहिला जातो, पण मथळा लिहिला जातो तो फक्त लो-लेव्हल फॉरमॅटच्या वेळी, त्यानंतर कधीच नाही. वर्षं जातात, हेडची जागा केसभर सरकते, नवा डेटा नव्या जागी लिहिला जातो आणि मथळे मात्र जुन्या रेषेवरच राहतात. मग एक दिवस हेड डेटावर बरोबर उभं असतं, पण मथळा वाचता येत नाही, आणि मथळा वाचल्याशिवाय कंट्रोलर डेटाला हातही लावत नाही. माझ्या ०४ चं उत्तर हेच होतं. आतले ट्रॅक लहान, तिथे बिट जास्त दाटीने बसलेले, म्हणून चुकीला वाव कमी आणि चुका जास्त.

प्रत कुठे घ्यायची हाही प्रश्न होता. सीरियल केबलने ९६०० बॉडने पाठवायचं तर पूर्ण डिस्कला सहा तासांहून जास्त लागतात, तेही एकही चूक न होता. ३६० केबीच्या फ्लॉपी लागल्या असत्या साठाच्या आसपास. मी मशीनमध्ये आणखी एक आठ बिटांचं कार्ड घातलं, ज्याला कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड लावता येतं. त्यावर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस चालतो, जुन्या मशीनला नव्या डिस्क ओळखायला लावणारा. जुन्या कार्डाचा रॉम, म्हणजे त्यातला कायमचा प्रोग्राम, सी८०० या पत्त्यावर असतो, म्हणून नव्याचा डी००० वर ठेवला. दोघं गुण्यागोविंदाने राहिले. डॉस ३.३ ला ३२ एमबीपेक्षा मोठं पार्टिशन चालत नाही, पण २० एमबीच्या डिस्कची प्रत त्यात आरामात मावते.

मशीन तापल्यावर पहिल्याच फेरीत बहुतेक सगळं निघालं. उरलेल्या सेक्टरांसाठी प्रोग्राममध्ये एक युक्ती घातली. हवा तो सिलिंडर वाचण्याआधी हेड मुद्दाम वीस सिलिंडर आत न्यायचं आणि तिथून बाहेर येत वाचायचं. नाही जमलं तर वीस सिलिंडर बाहेर न्यायचं आणि आत येत वाचायचं. पट्टी आणि दांडा यांच्यात किंचित ढिलाई असते, त्यामुळे आतून आलेलं हेड आणि बाहेरून आलेलं हेड अगदी एकाच रेषेवर थांबत नाही. ज्या सेक्टरांनी एका बाजूने दाद दिली नाही त्यांतले पुष्कळ दुसऱ्या बाजूने पहिल्या फटक्यात वाचले गेले. हे बघत बसण्यासारखं होतं. यादीतली ओळ एकेक करून पुसली जात होती.

तरी आतल्या काही सिलिंडरचा मोठा भाग हटून बसला होता. इथे दादाच कामी आला. कुठवर आलं हे विचारायला त्याने फोन केला होता, बोलता बोलता म्हणाला, “तेव्हा आपण ते मशीन टेबलाखाली उभं ठेवायचो, जागा नव्हती ना.”

“आणि शेवटचं फॉरमॅट?”

“तसंच उभं असताना केलेलं, तिथेच खाली बसून.”

म्हणजे मथळे लिहिले गेले तेव्हा ड्राइव्ह कडेवर उभी होती आणि मी ती आडवी ठेवून वाचत होते. हेडच्या गाड्याला वजन असतं. ड्राइव्हची बसण्याची दिशा बदलली की ते वजन वेगळीकडे ओढतं, आणि ज्या स्थितीत फॉरमॅट त्याच स्थितीत वापर, असं त्या काळात सांगितलं जायचं ते याचसाठी.

ड्राइव्ह उभी करण्यासाठी मशीन बंद करावं लागणार होतं, आणि बंद करायची मला मनापासून भीती वाटत होती. जुन्या डिस्कमध्ये हेड तबकडीवर विसावतं आणि तिथेच चिकटतं, मग मोटरला ते सोडवण्याइतका जोर राहत नाही. फिरत्या ड्राइव्हला हलवणं तर त्याहून वाईट. म्हणून आधी पार्कचा प्रोग्राम चालवून हेड डेटाच्या जागेपलीकडे नेलं, कारण या ड्राइव्ह ते आपणहून करत नाहीत. बंद केलं, पूर्ण थांबू दिलं, ड्राइव्ह बाहेर काढून लाकडी फळीवर दादा सांगत होता तशी कडेवर उभी केली आणि चालू केलं. मोटर नुसती गुणगुणली. फिरली नाही.

लगेच वीज बंद. अशा वेळी ड्राइव्ह ठोकायची नसते. ती दोन्ही हातांत धरून, तबकडी ज्या अक्षाभोवती फिरते त्याच अक्षाभोवती मनगटाने झटकन थोडी फिरवायची आणि थांबायचं. आतली तबकडी जडत्वामुळे जागेवर राहू पाहते आणि तेवढ्या फरकाने हेड सुटतं. तसं केलं, परत जोडली, चालू केली. आवाज चढत गेला आणि एका सुरात स्थिरावला. मिनिटाला ३६०० फेऱ्या. तिथून पुढे काम संपेपर्यंत मी ती बंद केली नाही.

उभ्या ड्राइव्हने, तासभर तापल्यावर, आतले सिलिंडर बहुतेक सगळे दिले. शेवटी हातावर मोजण्याइतके सेक्टर उरले आणि त्यांची चूक १० होती, म्हणजे मथळा वाचला जात होता पण डेटा बिघडलेला. त्यांना ‘रीड लाँग’ लावलं. बायोसची ही सेवा दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ५१२ बाइट आणि त्यांमागचे ४ तपासणीचे बाइट जसेच्या तसे देते. एकच सेक्टर असा पुन्हापुन्हा वाचून एकेका बाइटसाठी जे उत्तर सगळ्यात जास्त वेळा आलं ते धरलं. बहुमताने ठरवलेला सेक्टर खरा असेलच असं नाही, पण पास्कलचा मजकूर असला तर डोळ्यांनी ताडून बघता येतो. एका ठिकाणी ‘बिगिन’मधलं एक अक्षर भलतंच होतं, ते उघड दिसत होतं. उरलेले फॅटमध्ये बघितले तर मोकळ्या जागेतले निघाले, तिथे कुणाचीच फाइल नव्हती.

प्रतीची आणखी एक प्रत करून मगच तिला हात लावला. ८६बॉक्स या जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये तीच भूमिती, ६१५, ४, १७, देऊन ती जोडली आणि सी प्रॉम्प्ट आला. चेकडिस्क इथे चालवलं, मनसोक्त, दुरुस्तीसकट. ग्रहांचा प्रोग्राम सुरू झाला आणि त्याने तारीख विचारली. पडद्याचा फोटो दादाला पाठवला. त्याने उलट विचारलं ते सोर्सबद्दल, म्हणजे त्याने लिहिलेल्या मूळ मजकुराबद्दल, सोर्स पूर्ण आहे का. पूर्ण होता. रात्री त्याने त्यातली सूर्योदयाच्या गणितातली एक चूक शोधून काढली आणि ती दुरुस्त करून मला पाठवली.

आता लो-लेव्हल फॉरमॅटची पाळी. ड्राइव्ह मशीनमध्ये परत आडवी बसवली, कारण यापुढे ती आडवीच राहणार आहे, आणि कार्यरत तापमानाला येऊ दिली. डॉसच्या डीबग या प्रोग्राममधून कार्डाच्या रॉमला सी८००:५ या पत्त्यावर उडी मारली की फॉरमॅटचा मेनू येतो. ड्राइव्हच्या अंगावर कारखान्याने चिकटवलेली दोषांची यादी असते, त्यात सिलिंडर, हेड आणि ट्रॅकच्या आरंभापासून कितव्या बाइटवर दोष आहे ते दिलेलं असतं. ती यादी इमानदारीने भरावी. आज ती जागा ठीक वाचली जातेय म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारखान्याची तपासणी आपल्यापेक्षा कडक होती.

इंटरलीव्हही इथेच ठरवायचा असतो. मंद मशीन एक सेक्टर पचवेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून जातो, म्हणून क्रमाने येणारे सेक्टर तबकडीवर मध्ये जागा सोडून मांडतात. ३ ठेवून बघितलं तर वाचन रखडलं, ४ ठेवल्यावर धावू लागलं. हिशोब साधा आहे. ४ जमला तर पूर्ण ट्रॅक ४ फेऱ्यांत वाचून होतो. ३ वर मशीन जरा कमी पडलं की प्रत्येक सेक्टरसाठी एक अख्खी फेरी जास्तीची, म्हणजे ट्रॅकला २० फेऱ्या, सेकंदाचा तिसरा हिस्सा. आकडा एकाने घटवला म्हणून पाचपट मंद.

फॉरमॅटनंतर लगेच नकाशा काढला, आणि रात्रभर बंद ठेवून थंड मशीनवर पुन्हा. गरम असताना फक्त कारखान्याचे दोष दिसले. थंड असताना अगदी आतल्या सिलिंडरवर तुरळक ११ आले, कंट्रोलरने दुरुस्त केलेले. वाचन बरोबर होतं, पण काठावर. म्हणून डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कमध्ये पार्टिशन ५८० सिलिंडरवर संपवलं आणि पुढचा पट्टा रिकामा सोडला. जागा थोडी गेली. १७०१ मात्र थंड मशीनवरही येत नाही. नकाशाचा प्रोग्राम बूट फ्लॉपीवर ठेवला आहे आणि दर महिन्याला एक नकाशा काढून मागच्याशी ताडते. दादाची दुरुस्त केलेली फाइल आता त्याच डिस्कवर आहे, आणि कॉम्पॅक्ट फ्लॅशवरही.